समुद्रातल्या झाडाचं

सौसरजवळच्या जामसांवलीत मंगळवारी गर्दी असते, शनिवारी तर विचारूच नका. पिंपळाखाली आडव्या पहुडलेल्या मारुतीचं दर्शन घेऊन बाहेर आलं की नारळ, शेंदूर, काळे दोरे, आणि एका ताटलीत पोवळ्याच्या अंगठ्या. पोवळं मंगळाचं, म्हणून मारुतीच्या दारात त्याला गिऱ्हाईक. मी एक अंगठी उचलून उन्हात धरली. "अस्सल हाये जी," दुकानदार म्हणाला, "समुद्रातल्या झाडाचं असते हे."

मला त्याला हसवत नाही. मार्सिली नावाच्या इटालियन विद्वानानं १७०६ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेयजवळ पोवळ्याची ताजी फांदी पाण्यात ठेवली, तर तिच्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. फुलं आली म्हणजे झाडच. विषय संपला.

पुढे मार्सेयचाच एक डॉक्टर, पेसोनेल, तशीच फांदी घेऊन नुसता बघत बसला. विज्ञानात बघत बसण्याचं कौतुक फार कमी होतं, असं माझं मत. धक्का लागला की फुलं मिटत, पाणी शांत झालं की पुन्हा पसरत. फूल असं दचकत नाही. त्यानं पॅरिसच्या अकादमीला कळवलं, हे फूल नव्हे, किडा आहे. तिथले बडे निसर्गशास्त्रज्ञ रेओम्युर यांना हे पटेना. १७२७ मध्ये त्यांनी ते अकादमीपुढे मांडलं खरं, पण पेसोनेलचं नाव घेतलं नाही; बिचाऱ्याची शोभा नको! असली दया अपमानापेक्षा वाईट. पेसोनेल ग्वादलूप बेटावर डॉक्टरकी करायला निघून गेला. १७४० च्या सुमारास त्रांब्ले नावाच्या निसर्गशास्त्रज्ञानं गोड्या पाण्यातल्या हायड्राचे तुकडे केले, तर तुकड्यातुकड्यातून नवा हायड्रा उभा राहिला. कलमं होतात आणि तरी प्राणीच! हा हायड्रा पोवळ्याच्याच कुळातला. तेव्हा कुठे रेओम्युरांनी माघार घेतली आणि पेसोनेलचं नाव उच्चारलं.

अंगठीत किडे नसतात, त्यांचा सांगाडा असतो, लाल चुन्याचा. भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत तो तयार होतो. प्रत्येक किड्याला तोंड एकच. अन्न तिथूनच आत, उरलंसुरलं तिथूनच बाहेर. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. एकानं धरलेला घास बारीक नळ्यांतून साऱ्या वसाहतीला पोचतो. एवढं एकत्र कुटुंब आता सौसरातही सापडायचं नाही. फांदी वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही, म्हणून ताटलीतल्या त्या स्वस्त ढिगाबद्दल मला शंका आहे. खऱ्या पोवळ्यावर लिंबाचा थेंब टाकला तर फसफसतं, पण झिलई जाते. दुकानदारासमोर हा प्रयोग करू नये.

समुद्र आपल्यापासून लांब, असं आपण म्हणतो. पण छिंदवाड्याकडे झिलमिली नावाचं गाव आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा होईपर्यंत सौसर आणि ते एकाच जिल्ह्यात होते. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर दबलेला आहे. भूवैज्ञानिक गर्टा केलर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना त्यात फोरामिनिफेरा सापडले: समुद्रात तरंगणारे, एकाच पेशीचे, चुन्याचं कवच बांधणारे जीव. डायनोसोर संपल्यानंतर लगेचचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. नर्मदा-तापीच्या खचदऱ्यांतून समुद्राचा फाटा इथवर शिरला होता, असं त्यांनी २००९ साली मांडलं. आपल्या संत्र्याच्या बागांखालची काळी माती त्याच दख्खनी लाव्हाची आहे.