मेव्हण्याचे एकशेवीस व्होल्ट

परदेशातला नातेवाईक नुसती चॉकलेटे आणतो तोवर घराला धोका नसतो. धोका सुरू होतो तो त्याने विजेवर चालणारे काही आणले की. आमचा मेव्हणा न्यू जर्सीहून आला तो बहिणीला टोस्टर, आईला गजराचे घड्याळ आणि मला टाय घेऊन. (टायला व्होल्टेज लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरे.)

खोक्यांवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असे छापलेले. आपल्या भिंतीतून येतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. मी हे मोठ्याने वाचताच ही म्हणाली, "माझ्या भावानं काही आणलं की तुम्हाला बरोबर बारीक अक्षरं दिसतात!"

शेजारचे नाना म्हणाले, "अहो, अडॅप्टर लावा, झालं!" आता अडॅप्टर म्हणजे पासबुकाला नवे कव्हर. त्याने आतली शिल्लक बदलत नाही.

मी पडलो कॉमर्सवाला. वीज कळत नाही, पण चक्रवाढ कळते. टोस्टरच्या तारेला दुप्पट व्होल्ट दिले तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. आमचा टोस्टर ८०० वॉटचा. तो आपल्या भिंतीला लावला असता तर सुमारे २९०० वॉट ओढू लागला असता. म्हणजे पावाआधी टोस्टरच भाजून निघायचा! लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली. त्याला पेलेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर टोस्टरहून जड होता, आणि किंमत ऐकून मी नुसतेच त्या दुकानदाराला किती वाजले ते विचारले. टोस्टर शोकेसमध्ये गेला. घड्याळाची भूक मात्र चिमणीएवढी, त्याला छोटा ट्रान्सफॉर्मर पुरला.

पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट मोडून देतो, हर्ट्‌झ नाही. ते घड्याळ विजेचे ठोके मोजणाऱ्या जातीचे. साठ ठोके झाले की एक सेकंद, हा त्याचा तिकडचा हिशेब. इथे सेकंदाला ठोके मिळतात पन्नासच. तेव्हा ते तासाला दहा मिनिटे मागे पडू लागले. रात्री दहाला लावलेले घड्याळ सकाळी सहाला चार चाळीस दाखवी. बँकेत उशिरा पोचायला इतके शास्त्रशुद्ध कारण पुन्हा मिळणार नाही, पण आमच्या साहेबांना शास्त्र आवडत नाही.

यात एकट्या अमेरिकेला नावे ठेवू नयेत. जपानात टोकियोने १८९५ साली जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने १८९६ साली अमेरिकन. त्या देशात अजून पूर्वेला ५० हर्ट्‌झ आणि पश्चिमेला ६०. आपल्याकडे वाटण्या शेताच्या होतात, त्यांनी ठोक्यांच्या केल्या.

हल्लीच्या मोबाइल चार्जरवर बहुधा १०० ते २४० व्होल्ट छापलेले असते. ते गुणी पोर कुणाच्याही घरी मुकाट जेवते.

घड्याळ बंद करून ठेवू, असे मी सासूबाईंना सुचवले. त्या आमच्याकडेच असतात.

"चारच तास मागं पडतं ना दिवसाला?"

"हो."

"मग पडू दे. रोज सकाळी मी लावते."

आणि खरोखरच रोज चहाआधी त्या मला वेळ विचारून घड्याळाचे बटण दाबत बसतात. रविवारी मेव्हण्याचा फोन येतो.

"आई, घड्याळ नीट चालतंय ना गं?"

"अगदी सेकंदाला सेकंद!" सासूबाई सांगतात आणि माझ्याकडे असे बघतात, की मी पेपर तोंडासमोर धरतो.