एक्सेलमध्ये नसलेला रकाना

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारी सकाळी मस्तपैकी लोळत पडलो होतो, तेवढ्यात मामांचा फोन. मामा तुळजापूर तालुक्यात असतात.

"हिला जरा समजावून सांग बाबा. बी.एस्सी. झाली, आता साधं बी.एड. सोडून न दिसणाऱ्या लेकरांना शिकवायचं बी.एड. करायचं म्हणती!"

असं बी.एड. असतं हे मलाच तेव्हा कळलं. मग बहिणीशी बोललो. ती गावातल्या पोरांची शिकवणी घ्यायची. त्यात पाचवीतली एक मुलगी पुस्तक अगदी नाकाला लावून वाचायची. शाळेत पहिल्या बाकावर बसवलं की झालं, असं सगळ्यांनी धरलेलं.

"दादा, तिला गणित येतं रे. तिला फळा दिसत नाही, एवढंच," ती म्हणाली. आता यावर मी काय समजावणार, कप्पाळ?

मग इंजिनियर माणूस जे करतो तेच केलं. एक्सेल उघडलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, या कोर्सला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता लागते. १९९२ चा कायदा आहे. पास झाल्यावर परिषदेच्या नोंदवहीत नाव चढवावं लागतं, नाहीतर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. कोर्स २ वर्षांचा. आणि दृष्टिदोष, श्रवणदोष की बौद्धिक अक्षमता, हे प्रवेश घेतानाच ठरवायचं.

यादीत शेवटी तीन उरले. देहरादूनची राष्ट्रीय संस्था, मुंबईचं एसएनडीटी आणि एक दूरशिक्षणाचा. मामांचं मत अर्थातच दूरशिक्षणाला (पोरगी घरी राहील, स्थळंही बघता येतील). मी फी, होस्टेल, अंतर, संस्थेचं नाव असे रकाने केले, प्रत्येकाला गुण दिले. देहरादून दणदणीत जिंकलं. देशातला मध्यवर्ती ब्रेल छापखानाही तिथलाच. मी खूश!

तिने एकच विचारलं, "तिथे सरावाला मुलं कुठल्या भाषेतली?"

हिंदी, बहुतेक.

"मग मराठी मुलं कुठे चुकतात ते मला कसं कळणार?"

मी माझं नवं ज्ञान पाजळलं. भारती ब्रेल १९५१ पासून सगळ्या भारतीय भाषांना एकच आहे, हिंदीतला 'क' आणि मराठीतला 'क' म्हणजे तीच टिंबं! तर ती म्हणाली, "अरे, पण वाचायचं मराठीच ना? डोळा, फळा, शाळा... सगळीकडे ळ. हिंदीत तो मिळेल का सरावाला?"

निरुत्तर.

नंतर जरा खोलात गेलो तर मजाच वाटली. छापील 'कि' मध्ये वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये मात्र क आधी आणि इ नंतर, म्हणजे जसं बोलतो तसं. आपलं युनिकोडही आतमध्ये असंच साठवतं. पण जोडाक्षर आलं की उलटं होतं. हलन्ताचं टिंब ब्रेलमध्ये अक्षराच्या आधी येतं. म्हणजे शिक्षकालाच आधी बोटांनी नव्याने वाचायला शिकावं लागतं. शिवाय टेलर फ्रेमवर गणित, पांढरी काठी घेऊन चालणं, आणि कुठल्या मुलाला ब्रेल हवं, कुणाला नुसतं भिंग, मोठी अक्षरं आणि जाड रेघांची वही पुरते, हे ओळखणं. हे सगळं मुलांजवळ बसूनच येतं. घरबसल्या कसं जमणार? आणि माझ्या एक्सेलमध्ये मुलांचा रकानाच नव्हता.

ती मुंबईला गेली. मामांनी स्वतः लातूर-मुंबई गाडीत बसवून दिलं. गेली तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, २०२४ मध्ये परतली तेव्हा धाराशिव. आता कंत्राटावर आहे, गावोगावच्या शाळांत फिरते. प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्येच मान्य केलंय. मामा म्हणतात, "कोर्टाचं खरं गं, पण पगाराचं काय?" त्यांचंही चूक नाही.

आणि ती मुलगी? माझ्या एक्सेलमध्ये 'कालावधी : २ वर्षे' होतं. तिच्यासाठी ती सहावी आणि सातवी होती. सातवीनंतर तिने शाळा सोडली. बहीण परत आली ती आधी तिच्याच घरी गेली. २०१६ च्या कायद्याने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हे घरच्यांना सांगायला चार चकरा झाल्या. मुलगी आता शाळेत जाते, दोन वर्षं मागे पडून.

असो. तुमच्या घरात कुणी हा फॉर्म भरत असेल तर मान्यता तपासाच. पण कॉलेजला फोन करून आणखी एक विचारा : मुलांबरोबर दिवस किती, आणि ती मुलं बोलतात कुठली भाषा?