तोड्याचा घोडा सावकाश पडतो

आळेफाटा-जुन्नर भागात जुन्या बंदुकांवर व्हिडिओ करणाऱ्या मित्रांनो,



तुमचे व्हिडिओ मी बघतो, आणि शेवटपर्यंत बघतो. तुमच्या कामात असा प्रेक्षक किती दुर्मीळ, हे मी तुम्हाला सांगायला नको. नोकरी, शेती, टोमॅटोचा हंगाम सांभाळून रात्री एडिटिंगला बसायचं, आणि त्यातून एक रुपया सुटेल याची खात्री नाही. शिवनेरी, नाणेघाट, जीवधनचे ड्रोनने काढलेले पावसाळी व्हिडिओ आपल्याकडे पोत्याने पडलेत. त्या गर्दीतून बाजूला होऊन तुम्ही नळी, चाप आणि रंजक यांच्याकडे वळलात, याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच जरा भांडायला बसलोय.

माझं भांडण तुमच्या व्हिडिओंतल्या प्रगतीच्या जिन्याशी आहे. पहिल्या पायरीवर हाततोफ, दुसरीवर तोड्याची बंदूक, मग चाकाच्या कळीची, मग गारेची, मग टोपीची, आणि सगळ्यात वर काडतुसाची. संगीत चढत जातं आणि माणूस हुशार होत जातो! यातली एकेक पायरी खरी आहे. तोडा, म्हणजे सावकाश जळणारी सुतळी, धरणारा वाकडा घोडा व्हिएन्नातल्या 1411 च्या हस्तलिखितात दिसतो. चाकाची कळ 1500 च्या आसपासची. गारेची बंदूक 17 व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आकाराला आली. 1807 मध्ये अलेक्झांडर फोर्साइथ या स्कॉटिश पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचं पेटंट घेतलं, तेही शिकारीच्या नादापायी. गारेची ठिणगी दिसली की बार निघायच्या आत पाखरं उडून जायची, हे त्याचं दुखणं. (या पाद्र्यावर एक वेगळा व्हिडिओ कराच.)

पण सह्याद्रीत हा जिना या क्रमाने कुणी चढलंच नाही. चाकाची कळ इथे रुजली नाही. तोड्याची बंदूक 16 व्या शतकात आली आणि ठाण मांडून बसली. 1818 मध्ये इंग्रजांचा मेजर एल्ड्रिज जुन्नरच्या परिसरातले किल्ले एकामागून एक घेत फिरला, त्या काळातही आपल्याकडच्या शिबंदीचं नेहमीचं हत्यार तेच होतं. युरोपात गारेची बंदूक येऊन तेव्हा सुमारे दोनशे वर्षं झाली होती. मग आपली माणसं मागासलेली होती का? तुमच्यापैकी बरेच जण इथे घाईघाईने 'हो' म्हणून पुढच्या पायरीवर जातात. मला वाटतं, खरा व्हिडिओ इथून सुरू होतो.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुकीसमोर अर्धा तास उभे राहा. दस्ता बारीक आणि सरळ. दस्त्याच्या खाचेतून घोडा वर डोकावतो, त्याच्या चिमट्यात जळता तोडा धरायचा. चाप दाबला की घोडा सावकाश खाली वाकतो आणि तोड्याचं टोक कानातल्या (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीतल्या) रंजकेला, म्हणजे बार पेटवणाऱ्या दारूला, लावतो. चाप सोडला की घोडा पुन्हा वर. जोरकस स्प्रिंग नाही, खटका नाही. नळी म्हणजे तापवून, गुंडाळून, ठोकून सांधलेली लोखंडाची पट्टी, दस्त्याला तारेने नाहीतर चामड्याच्या वादीने आवळलेली. यातलं काहीही मोडलं तर हाताला वळण असलेला कुठलाही लोहार ते दुरुस्त करील.

आता गारेची बंदूक बघा. गारगोट्यांना आपल्याकडे तोटा नाही. अडतं ते पोलादापाशी. घोडा जोरात आपटायला दमदार स्प्रिंग हवी, ठिणगी पडायला नीट पाणी दिलेला पोलादी तुकडा हवा. स्प्रिंग तुटली की हातात उरते ती काठी. गडावरच्या साध्या शिपायाने, ज्याला बंदूक बहुधा स्वतःच सांभाळायची असे, यातलं काय निवडावं? त्याने निवडलं ते शहाणपणाने निवडलं.

आणि गारेची बंदूक जिथे आली, तिथे ती कवायत घेऊन आली. खांद्याला खांदा लावून ओळीत उभं राहायचं तर शेजाऱ्याच्या हातात जळता तोडा आणि आपल्या कमरेला दारू, हे धोक्याचं. म्हणून इब्राहीमखान गारद्याच्या, फ्रेंच धर्तीवर तयार झालेल्या पलटणींच्या हातात गारेच्या बंदुका दिसतात. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर त्या पलटणी आणि भाल्या-तलवारींचे स्वार एकाच मराठा फौजेत लढले. पुढे महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने कवायती कंपू उभे केले, तेव्हा आग्र्याला बंदुका घडवायचा कारखानाही उभा राहिला. नवी बंदूक हवी तर नियमित पगार, कवायत, कारखाना हे सगळं लागतं. जिन्याच्या चित्रात यातलं काहीच मावत नाही.

यातूनच दुसरं गाऱ्हाणं. 'शिवकालीन बंदूक सापडली!' असले मथळे बंद करा. तोड्याच्या बंदुकीची घडण दीडदोनशे वर्षं फारशी बदललीच नाही, तर नुसती कळ बघून ती 1660 ची की 1800 ची हे कसं ठरवणार? नळीवर लेख, ठसा किंवा सोबत कागद नसेल तर 'काळ निश्चित नाही' असं सरळ म्हणा. व्ह्यूज कमी होतील. होऊ द्या.

सिनेमावाल्यांनी आणखी एक घोळ घातलाय: मावळा बंदूक उचलतो, धडाधड बार काढतो, धूर नाही की ठासणं नाही. तुम्ही तरी पूर्ण वेळ दाखवा. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासणं, कानात रंजक, तोड्यावर फुंकर, मग नेम. एवढ्या वेळात भालाईत अंगावर येतो. आणि कधी कधी नुसती रंजक भडकते, आतला बार पेटतच नाही. 30 एप्रिल 1657 च्या रात्री शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात उडी घेतली, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. अशा कामात पेटता तोडा म्हणजे अंधारात स्वतःहून दिलेली खूण, वर त्याचा वास. त्या रात्री तलवारच कामाची, असं माझं मत आहे. हे नुसत्या टॉर्चने आणि जळत्या सुतळीने दाखवता येईल, एकही गोळी न झाडता.

झाडण्यावरून आठवलं. इयन मकॉलमसारखे परदेशी व्हिडिओवाले रेंजवर जाऊन जुन्या बंदुका उडवतात, ते बघून हात शिवशिवतात हे मी समजू शकतो. आपल्याकडे चालू स्थितीतली ठासणीची बंदूकही 1959 च्या शस्त्र कायद्याखाली येते. कुणाच्या देवघरातली पूजेची बंदूक कॅमेऱ्यासमोर उडवू नका. आतून गंजलेली नळी कुठे फाटेल सांगता येत नाही, आणि अशा बंदुकीत पिढ्यांपूर्वीचा बार अजून ठासलेला असू शकतो. पाखरं हुसकायच्या कार्बाइडच्या नळ्यांचे 'प्रयोग' तर मुळीच नकोत. तुमचे व्हिडिओ शाळकरी पोरं बघतात.

उडवता येत नाही म्हणून अडत काहीच नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद आहेत. मोडी शिका.  रामचंद्रपंत अमात्यांचं राज्यकारभारावरचं आज्ञापत्र वाचा. दारूखाना वस्तीपासून लांब असावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात वाळवावी, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत. दारू सादळणं ही सह्याद्रीतल्या बंदुकीची सगळ्यात मोठी अडचण, आणि तिच्यावर मी अजून एकही धड मराठी व्हिडिओ बघितलेला नाही.

तो करायचा तर चाकणच्या किल्ल्याचा करा. नाशिक रस्त्याने पुण्याला जाताना एसटी रोज तिथूनच जाते. 1660 च्या भर पावसाळ्यात शिवाजी महाराजांचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट मोगल सरदार शायिस्ताखानाच्या फौजेपुढे जवळपास दोन महिने लढवला, आणि शेवटी मोगलांना सुरुंगाने बुरूज उडवावा लागला. वर पाऊस, खाली चिखल, दोन्हीकडे तोड्याच्या बंदुका. ती माणसं तोडा आणि दारू कोरडी कशी ठेवत असतील, एवढा एकच प्रश्न घेऊन आषाढात तिथे जा. व्हिडिओ पाऊण तासाचा झाला तरी चालेल, मी शेवटपर्यंत बघेन.

आपला,
एक प्रेक्षक
आळेफाटा