नियमातली चोरी

चोरीचं कौतुक व्हावं, हा मान आपल्याकडे एका गोकुळच्या कान्ह्यालाच. शिंकं कितीही उंच टांगा, त्याचा हात तिथे पोचायचाच. आणि यशोदेनं कितीही डोळे वटारले तरी ऐकणारा मनातून त्या चोराच्याच बाजूचा! हा मान मिळवणारी दुसरी एक चोरी मी म्हातारपणी पाहिली. तीही भर उन्हात, शेदीडशे माणसांच्या देखत, पंचाच्या नाकासमोर. सॉफ्टबॉल नावाच्या खेळात बेस चोरतात. चोर निसटला की त्याचे आईबाप उभं राहून टाळ्या पिटतात!

माझी लेक अमेरिकेत ओहायो राज्यात असते. तिची पंधरा वर्षांची मुलगी हा खेळ खेळते. आमच्या घराण्यात लंगडी आणि खो-खो यांच्यापलीकडे मजल गेलेली नाही. तेव्हा पहिले चारदोन सामने मी नुसता शेंगा सोलत बसलो होतो. पुढे नातीनंच मला शिकवलं. शिकागोत 1887 साली, थंडीच्या दिवसांत, एका बोट क्लबातल्या रिकामटेकड्या तरुणांनी मुष्टियुद्धाच्या हातमोज्याचा चेंडू आणि काठीची बॅट करून हा खेळ सुरू केला, असं ती म्हणाली. रिकामटेकडेपणातून जगाला किती गोष्टी मिळाल्या आहेत, याची कुणी तरी एकदा यादी करायला हवी.

मैदानावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस. एकापासून दुसरा साठ फुटांवर. मध्ये पिचर उभी. ती हात गिरणीच्या चाकासारखा गरकन फिरवून चेंडू खालून फेकते. त्रेचाळीस फुटांवर बॅटर, आणि तिच्या मागे मुखवटा घालून उकिडवी बसलेली कॅचर. ती आमची नात. पहिल्या बेसवरच्या मुलीनं दुसऱ्या बेसकडे धूम ठोकायची आणि कॅचरनं चेंडू झेलून तिच्याआधी तो तिथे पोचवायचा, अशी ही चोर-शिपायांची शर्यत. मात्र पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत चोरानं बेसवरून पाय हलवायचा नाही. हलवला तर बाद. बेसबॉलमधला चोर आधीच चार पावलं पुढे सरकून उभा असतो. इथे ती सवलत नाही. इतका नियमानं वागणारा चोर मी दुसरा पाहिला नाही.

आता यातली खरी गंमत. कोणता चेंडू टाकायचा हे पिचर एकटी ठरवत नाही. कॅचर मांड्यांच्या आडोशाला बोटांनी खूण करते: हा खाली बुडणारा, हा वर उसळणारा, हा बाहेर वळणारा. पिचरला पटलं नाही तर ती मान हलवते. मग दुसरी खूण. बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये 2008 साली जपानच्या युकिको उएनो हिनं दोन दिवसांत तीन सामन्यांत मिळून 413 चेंडू टाकले आणि शेवटी अमेरिकेला हरवून सुवर्णपदक नेलं. लोक तिच्या खांद्याची तारीफ करतात. मला मात्र तिच्यासमोर उकिडवं बसून चेंडूमागून चेंडू मागणाऱ्या कॅचरचे गुडघे आठवतात!

या सगळ्या चेंडूंत एक मोठा लबाड आहे. त्याला चेंजअप म्हणतात. हात त्याच आवेशानं फिरतो, पण चेंडू येतो रमतगमत. बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळी होते. पण हाच चेंडू चोराचा जिवलग मित्र! मी गणिताचा निवृत्त मास्तर, मला राहवेना. ताशी साठ मैलांचा चेंडू त्रेचाळीस फूट सुमारे अर्ध्या सेकंदात येतो. पंचेचाळीस मैलांच्या चेंजअपला एक षष्ठांश सेकंद जास्त लागतो. तेवढ्यात धावणारी मुलगी तीन फूट पुढे! (फराळाच्या ताटापुढे आकडेमोड नको असेल, तर सोडून द्या.) म्हणजे कॅचरपुढे दरवेळी एकच प्रश्न: फसवायचं कुणाला? समोरच्या बॅटरला, की कडेच्या चोराला? दोघींना एकदम फसवता येत नाही.

हा प्रश्न सोडवायला पुष्कळ संघांत प्रशिक्षकच बसलेले असतात. ते आकडे ओरडतात. मुलगी मनगटावरच्या पट्टीत आकडा शोधते आणि तशी खूण करते. नातीचंही वर्षभर असंच चाललं होतं. मात्र शरदातल्या मित्रत्वाच्या सामन्यांत तिच्या प्रशिक्षिकाबाईंनी सांगितलं, ‘पट्टी काढून ठेव. आता तूच ठरव.’

शेवटची, सातवी इनिंग. आमच्या मुली एका धावेनं पुढे. समोरच्या दोघी बाद, पहिल्या बेसवर एक हरिणी. बॅटर आधी दोनदा चेंजअपला फसलेली. नातीनं चेंजअपच मागितला. बॅटर पुन्हा फसली. पण हरिणी दुसऱ्या बेसवर कधी पोचली, कळलंही नाही. पुढचा चेंडू बॅटरनं मैदानात दूर धाडला, हरिणी घरी आली, बरोबरी झाली. जादा इनिंगमध्ये आम्ही हरलो.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, ‘आजोबा, तो चेंडू मीच मागितला होता.’

‘चुकलीस का?’

‘माहीत नाही. बॅटर तर फसली ना!’ आणि थोडं थांबून, ‘पण पुढच्या वेळी पण मीच ठरवणार.’

वर्षभर आकडे वाचून ती कितीतरी सामने जिंकली होती. पण त्यांतला एकही चेंडू तिनं मला असा ‘माझा’ म्हणून सांगितला नव्हता. आपण मोठी माणसं मुलांचे चेंडू फार दिवस आपणच मागत राहतो. कोणती शाखा, कोणती नोकरी, कोणतं स्थळ: आकडा आपण ओरडायचा, त्यांनी पट्टीत पाहायचं. हेतू चांगलाच असतो. बहुधा आपला आकडा बरोबरही असतो. पण त्या बरोबर आकड्यांबरोबर मुलांच्या खिशातून काहीतरी हळूच नाहीसं होतं.

आणि या चोरीला पंच नसतो, बरं का!