सेइजोचे गणकघर

टोकियोतील शिंजुकु स्थानकातून ओदाक्यू मार्गाने पश्चिमेकडे निघाले असता सेइजोगाकुएन-माए हे स्थानक लागते. बाहेर शांत, झाडीने वेढलेली निवासी वस्ती आहे. कॅसिओ उद्योग उभारणाऱ्या चार बंधूंपैकी संशोधक तोशिओ काशिओ यांचे निवासस्थान येथेच होते. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी या घराचे संग्रहालय झाले. आगाऊ नोंदणी करून येथे प्रवेश मिळतो.

जुन्या गणकयंत्रांच्या संग्राहकांना येथे ओढून आणणारी वस्तू म्हणजे १९५७ चे ‘१४-ए’. हे यंत्र एका मेजातच बसविलेले आहे. वजन १४० किलो, मूळ किंमत ४,८५,००० येन. आत दातेरी चाके नाहीत. विजेने उघडझाप करणारे ३४१ रिले आहेत. बेरीज सुरू होताच त्यांची टिकटिक ऐकू येते, कारण हे यंत्र आजही चालवून दाखविले जाते.

जपानला यंत्राची गरजच काय, असा प्रश्न त्या काळी कोणालाही पडला असता. १९४६ मध्ये टोकियोत झालेल्या स्पर्धेत टपाल खात्यातील कियोशी मात्सुझाकी यांनी मण्यांच्या सोरोबानवर हिशेब करून अमेरिकी सैनिकाच्या विद्युत गणकयंत्रास ४-१ असे हरविले होते. मात्र त्या बोटांमागे वर्षानुवर्षांचा सराव होता. ज्यांच्यापाशी तो सराव नाही, त्यांनाही अचूक हिशेब करता यावा, हे यंत्राचे खरे काम होते.

ते काम १९७२ च्या ‘कॅसिओ मिनी’ने घरोघरी नेले. किंमत १२,८०० येन. तळहातावर मावेल एवढा आकार. खर्च वाचविण्यासाठी पडद्यावर सहाच आकडे ठेवले होते. गुणाकार मोठा असेल तर आधी वरचे सहा आकडे दिसत आणि एक कळ दाबताच उरलेले सहा. व्यवहाराला किती पुरेसे आहे, हे ओळखण्यातच त्याचे यश होते.

संग्राहक आजही हे यंत्र आवडीने शोधतात. जाणता संग्राहक प्रथम सेलचा कप्पा उघडतो. झिरपलेल्या सेलची पांढरी-हिरवी पूड आतील पत्रे आणि तारा खाऊन टाकते. मग तो सहा वेळा ८ दाबतो. हिरव्या अंकांची प्रत्येक रेघ उजळली तर पडदा शाबूत. शेवटी ९९९९९९ ला त्याच संख्येने गुणतो. आधी ९९९९९८ आणि कळ दाबल्यावर १ आला, तर यंत्राचे गणितही शाबूत.

पेढीच्या खणात वडिलांच्या काळचे एखादे गणकयंत्र पडून असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी त्यातील सेल काढावेत, कप्पा कोरड्या फडक्याने पुसावा आणि नवे सेल घालून एक बेरीज करून पाहावी. अनेकदा ते अजून अचूक उत्तर देते.