शेवटचा स्वर

लघुलेखनात हात मुरला की लिपीकडे बघायची नजरच बदलते. आयझॅक पिटमन यांनी १८३७ साली इंग्लंडमध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली, ती स्पेलिंग बाजूला सारून कानावर विसंबणारी होती. प आणि ब ओठांच्या एकाच ठेवणीतून निघतात, म्हणून दोघांना एकच तिरपी रेघ; प बारीक, ब ठळक. क आणि ग यांना तशीच आडवी. स्वरांना रेघेशेजारी टिंब किंवा छोटी आडवी खूण. पण बोलणारा मिनिटाला शंभर शब्दांवर गेला की या खुणा द्यायला सवड कुठली? त्याचीही सोय पद्धतीतच आहे: रेघ ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळीला छेदून काढायची आणि त्या जागेवरून शब्दातला पहिला स्वर ओळखायचा. इंग्रजीचं त्यावर बरंचसं भागतं.

मराठीचं भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. 'गेला', 'गेली', 'गेले' या तिन्हींत पहिला स्वर तोच, व्यंजनं तीच. स्वर गाळले की तिन्हींची आकृती एक, ओळीवरची जागाही एक. आपलं लिंग आणि वचन बऱ्याचदा शेवटच्या स्वरात असतं, आणि जागा सांगते पहिला. यावर नेहमीचं उत्तर असं की संदर्भावरून कळतं. पुष्कळदा कळतं, हे खरं. पण मराठी वाक्यात कर्ता सहज गळतो. 'नवरा-बायको बोलत बसले होते, मग उठून गेली.' साक्षीदार असं म्हणाला, तर कोण उठलं हे सांगायला एका ईकाराखेरीज काहीच नाही. तो गळला तर साक्षच बदलली. ध्वनिमुद्रण असताना ही चिंता कशाला, असंही विचारलं जातं. मुद्रण जरूर असावं. पण तासाभराचं मुद्रण ऐकायला तासच जातो; चांगली टिपणं असली की हवं ते वाक्य क्षणात सापडतं.

प्रत्येक स्वर लिहावा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर वेग मरेल. शब्दातले मधले स्वर खुशाल गाळा. लघुलेखन शिकवणाऱ्यांना विनंती एवढीच, की क्रियापदाचा शेवटचा स्वर लिहायची सवय साठच्या वेगालाच लावा. शंभरला पोचलेल्या हाताला ती लागत नाही.