पेढीवरची तिजोरी

सांगलीच्या गावभागातलं हे घर आम्ही घेतलं तेव्हा खरेदीखतात खोल्या, परसातला आड आणि सामायिक बोळ यांचा उल्लेख होता. तिजोरीचा नव्हता. आधीचे मालक हळदीचे व्यापारी, पुढच्या खोलीत त्यांची पेढी. 2019 च्या पुरानंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. जाताना दिव्याची बटणंसुद्धा काढून नेली, तिजोरी तेवढी ठेवली. फोन केला तर म्हणाले, ‘‘असू दे हो, तुमच्या उपयोगी पडेल.’’ उपयोगी पडण्यातली असती तर त्यांनीच नसती का नेली?

उंचीला माझ्या छातीएवढी. किल्ली कुलपातच, दार अर्धवट उघडं आणि तसंच गंजून बसलेलं. आत काही नाही हे कोणालाही दिसत होतं, तरी येणारा प्रत्येक जण खणात हात घालून बघायचाच. शेजारच्या काकूंनी तर दोनदा बघितलं.

अशी तिजोरी केलेली असते आगीसाठी. पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये मसाला भरतात. त्यात पाणी धरून ठेवणारे क्षार असतात. बाहेर आग लागली की ते वाफ सोडतात आणि आतले कागद पेटण्याइतके तापत नाहीत. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हाच्या आगीतून गोदरेजच्या तिजोऱ्यांमधली कागदपत्रं शाबूत निघाली आणि कंपनीचं नाव झालं, हे जुने व्यापारी अजून सांगतात. पण सांगलीवर येतं ते पाण्याचं संकट. इथे कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. आमच्या तिजोरीची कंपनी कुठली ते कळायला मार्ग नव्हता, पट्टी झिजून गेली होती. पण पुराचं पाणी तिच्या सांध्यांतून आत शिरलं ते पुरतं बाहेर आलंच नाही. मसाला फुगला, पाठीमागचा पत्रा पोट सुटल्यासारखा बाहेर आला, आणि पावसाळी हवेत खालून तांबडं पाणी पाझरायला लागलं. शहाबादी फरशी एका कोपऱ्यात खचली होती.

लोखंड म्हटल्यावर भंगारवाला उड्या मारत येईल असं वाटलं होतं. तो आला, बुक्की मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, ‘‘मालक, ह्यात लोखंड कमी आन् माती जास्त.’’ त्याचा हिशोब चोख होता. गॅस कटर लावायचा, सिलिंडर जाळायचा, मसाला खरवडून काढायचा, तो कुठे टाकायचा ते बघायचं, आणि एवढं करून हाती येणार पत्रा. अड्ड्यावर आणून टाकलीत तर काहीतरी देतो म्हणाला. दुसऱ्याने उलट माझ्याकडेच पैसे मागितले. तिसऱ्याला फक्त पितळी मूठ हवी होती. सराफ कट्ट्यावरचे एक ओळखीचे येऊन चहा पिऊन गेले. भिजलेल्या तिजोरीत सोनं कोण ठेवणार, एवढंच बोलले.

शेवटी मार्केट यार्डातले हमाल बोलावले. त्यांचे मुकादम साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी तिजोरीकडे नीट बघितलंच नाही आधी. फरशी बघितली, उंबरा बघितला, बोळातलं गटार बघितलं, मग दाराला वीत लावली. तिजोरी दारापेक्षा चार बोटं रुंद!

‘‘तिजोरी आधीची हाय, दार मागनं बसवलंय,’’ मामा म्हणाले. खरं होतं. 2005 च्या पुरात मूळची सागवानी चौकट कुजली आणि तिच्या जागी ही अरुंद बसवली, असं काकूंना आठवत होतं. म्हणजे आधी सुतार आणि गवंडी, मग हमाल. मी वजनाचा अंदाज सांगायला लागलो तर मामांनी थांबवलं. ‘‘वजनाचं न्हाई, उंबऱ्याचं पैसं घेतो.’’

ते काम बघायला मी सुट्टी काढली आणि ती सार्थकी लागली. दार हलू नये म्हणून आधी दोराने आवळून घेतलं. पहारीने एक कड बोटभर उचलली की लगेच खाली लाकडी ठोकळा, मग दुसरी कड. तळाशी पाइपचे तुकडे सरकवले. एका पोराचं काम एवढंच की मागचा पाइप सुटला की पुढे आणून लावायचा. ढकलणारे दोघंच, बाकीचे आवरणारे. गटारावर जाड पत्रे टाकले, नाहीतर फरशी तिथेच मोडली असती. टेम्पोत चढवताना दोन वासे, साखळी-कप्पी, आणि मामांचा एकच हुकूम: खालच्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. बोळातले एक काका ‘‘डावीकडून घ्या, डावीकडून’’ म्हणत होते. मामांनी वळूनसुद्धा न बघता विचारलं, ‘‘धरताय का काका?’’ त्यानंतर बोळ गप्प झाला.

आवाज चढवायची गरज कोणालाच पडली नाही. मला वाटलं होतं ताकदीचं काम असेल. तिथे घाईघाईत जोर लावणाऱ्या पोराला शिव्या बसत होत्या.

भंगाराचे पैसे हमालीच्या निम्मेही नव्हते. मी घासाघीस केली नाही. संध्याकाळी भंगारवाल्याचा फोन आला, मसाला ओला चिखल होऊन बाहेर पडलाय, तो उचलायचं भाडं वजा करणार. केलंही. उरलं त्यात गवंड्याचं सिमेंट आलं. चौकट मात्र बायकोने हट्टाने वीतभर रुंद बसवून घेतली, कारण आमचा फ्रीज त्या दारातून आडवा करून आणावा लागला होता, आणि पूर आला की तो आधी वरच्या मजल्यावर न्यायचाय.